कडीताईचं दार

"ऐकू आलं होतं तुला."

"दार चार बोटं जाड आहे."

"मी दाराची जाडी विचारत नाहीये, ताई. माझा आवाज आत आला होता का, एवढंच विचारतोय."

"आणि मी एवढंच सांगतेय की ती किटली पेटीत घालू नकोस. बुडाला काजळी आहे. कपड्यांना लागेल."

धाकट्यानं किटली पेटीतून काढली आणि जरा आदळूनच जमिनीवर ठेवली. जिन्याखालच्या त्या खोलीत उभं राहायचं तर त्याला मान तिरकी करावी लागत होती. लहानपणी ह्याच खोलीत तो उड्या मारायचा. आता केस पिकलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा तो गडी मान वाकडी करून थोरल्या बहिणीशी भांडत होता, आणि बाहेर चौकात उभा असलेला टेम्पोवाला मधूनमधून हॉर्न वाजवून त्या भांडणाला ठेका देत होता.

खरं तर तो भांडायला आलाच नव्हता. ताईला घरी न्यायला आला होता. जुनी इमारत रिकामी होत होती. नगरसभा, नगरप्रमुखांची कचेरी आणि न्यायालय, तिन्ही बिऱ्हाडं गावाबाहेरच्या नव्या काचेच्या इमारतीत चालली होती. तिथली दारं माणूस समोर आला की आपली आपण उघडतात, त्यामुळे दारवालीची जागाच उरली नव्हती. दारवानाला वयाची अट नव्हती म्हणून, नाहीतर ताईची निवृत्ती कधीच झाली असती म्हणा. धाकट्याच्या बायकोनं मागची खोली रंगवून घेतली होती, खिडकीला पडदा लावला होता आणि सकाळी निघताना नवऱ्याला बजावलं होतं, वन्संना घेऊन या, जुनं काही उकरत बसू नका. त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण ताईचं उशीचं बोचकं शोधायला म्हणून तो वर गेला, सभागृहाचं ते दार समोर आलं, आणि जे उकरायचं नव्हतं ते आपसूक वर आलं.

"हे बघ, मला कुणाची चूक काढायची नाहीये," तो म्हणाला. "तू फक्त म्हण, 'नाही रे, ऐकू नव्हतं आलं.' विषय संपला. मी पेटी उचलतो, आपण घरी जाऊ."

"आणि आलं होतं म्हटलं तर?"

"तर मग रोज सकाळी तुझ्यासमोर चहाला कसा बसू, ते मला माहीत नाही."

ताईनं वळकटीची दोरी दातात धरून गाठ आवळली. बोलायचं नसलं की तिच्या तोंडात काहीतरी असायचंच. दोरी, सुई, नाहीतर टाचणी.

सगळी इमारत तिला कडीताई म्हणायची. आधी त्यांचे वडील सभागृहाचे दारवान होते. ते गेले तेव्हा ताई नुकती वयात आलेली होती आणि धाकटा तर हाफ पँटीत होता. जिन्याखालची खोली दारवानाची, दारवान गेला की खोली गेली. तेव्हा सभेतल्याच कुणीतरी सुचवलं, मुलीला नेमा. ह्यावर म्हणे सभेत चांगली चर्चा रंगली. एक सदस्य म्हणाले, बाईमाणूस, उद्या कुणी दार ढकललं तर काय करणार. त्यावर मागच्या बाकावरचे एक म्हातारे सदस्य उठून म्हणाले की आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात आमची ही उभी राहिली की मला गेली कित्येक वर्षं आत जाता आलेलं नाही, तेव्हा ह्या बाबतीत सभेनं निश्चिंत असावं. हशा झाला, आणि हशातच ताईची नेमणूक झाली.

त्या नेमणुकीची एक गंमत होती. दारवान नेमायचा सभेनं. त्याचा पगार यायचा नगरप्रमुखांच्या कचेरीतून. आणि त्याला कामावरून काढायचं झालंच तर ते दोघांनाही करता येत नव्हतं, न्यायाधीशांपुढे कारण सांगावं लागायचं. ज्यानं कुणी हा नियम केला, त्याचा कुणावरच विश्वास नसावा. धाकट्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं ऐकून म्हणाली होती, "म्हणजे वन्सं तीन सासवांची सून." ताईला ते इतकं आवडलं की पुढे कुणी कामाबद्दल विचारलं की ती तेच सांगायची. तिन्ही सासवांचं एकमेकींशी पटत नाही म्हणून सून सुखात आहे, असं वर स्वतःचं जोडायची.

इमारतीची बांधणीही तशीच. मधे मोकळा चौक, आणि चौकाच्या तीन बाजूंना तिघं. सभागृह, कचेरी आणि न्यायालय ह्यांना आतून जोडणारं एकही दार नव्हतं. एकाला दुसऱ्याकडे जायचं तर चौक ओलांडूनच जावं लागे, ऊन असो, पाऊस असो, आणि तेही सगळ्या खिडक्यांतल्या कारकुनांच्या देखत. नगरप्रमुख सभेकडे निघाले की खिडक्यांत डोकी दिसायची. न्यायाधीश तर चौकात उतरायचेच नाहीत. त्यांचा चहा वर जायचा. खाली कुणाशी हसून बोलले तर दुसऱ्या दिवशी कुणी त्याचा अर्थ लावेल, ही त्यांची धास्ती.

धाकटा चौकातल्या बाकावर बसून शाळेचा अभ्यास करायचा. एकदा त्यानं ताईला विचारलं होतं, सगळे गावाचंच काम करतात ना, मग एका खोलीत का नाही बसत, केवढी पायपीट वाचेल. ताई तेव्हा पाव कापत होती. तिनं सुरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, आज तू काप. त्यानं एक तुकडा चांगला जाडजूड कापला. ताईनं शांतपणे तोच उचलला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे तुकडे असे सारखे पडू लागले की जणू मोजपट्टी लावून कापलेत. आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही हे त्याला तेव्हा कळलं नाही. जाड तुकडा गेला, एवढं मात्र कळलं.

ताईचं खरं काम मतदानाच्या वेळी. एरवी ती दाराशी स्टूल टाकून बसायची, ओळखीपाळखीच्यांना नमस्कार करायची, छत्र्या सांभाळायची. पण नगरप्रमुखांच्या अधिकाराविषयीचा ठराव मताला आला की रीत ठरलेली होती. नगरप्रमुखांनी उठून बाहेर जायचं. सभापतींनी घंटा वाजवायची. ताईनं आतून कडी घालायची, आणि हात वर करून मोजून होईपर्यंत ती कडी कुणासाठीही काढायची नाही. हात कुणाकुणाचे वर गेले हे बाहेर सांगायचं नाही, फक्त किती ते सांगायचं. कारण उघड होतं. एकाचा भाचा कचेरीत नोकरीला, दुसऱ्याच्या दुकानाचा परवाना अडलेला, तिसऱ्याच्या घरासमोरचा रस्ता व्हायचा. नगरप्रमुख समोर बसले असते तर कुणाचा हात खांद्याच्या वर गेला असता?

कडी म्हणजे कडी, ह्याची प्रचिती सभापतींनाच आली. सर्दी झाली होती त्यांना. शिंकांची माळच लागली म्हणून ते उपसभापतींना खुर्चीत बसवून बाहेर गेले. उपसभापती उत्साही माणूस, त्यांनी लगेच घंटा वाजवली. ताईनं कडी घातली. थोड्या वेळानं दारावर टकटक.

"कोण?"

"अगं, मी. सभापती."

"सभापती आत खुर्चीवर बसलेत."

"तो उपसभापती आहे!"

"मग तुम्ही जरा थांबा, तो मोजतोय."

आख्खं सभागृह खो खो हसत होतं आणि सभापती बाहेर शिंकत होते. ते पुढे आठवडाभर ताईशी बोलले नाहीत. मग एक दिवस आपण होऊन तिच्यापाशी थांबले आणि म्हणाले, बाई, तुमच्यामुळे माझी सर्दी गावभर झाली. त्यानंतर बाहेरगावचे पाहुणे आले की ते स्वतःच हा किस्सा सांगायचे, आणि प्रत्येक वेळी त्यात एक शिंक वाढलेली असायची.

धाकट्याला हा किस्सा तोंडपाठ होता. तरुणपणी तो मित्रांना सगळे आवाज काढून करून दाखवायचा. कडीताई माझी बहीण, हे त्यात शेवटी सांगायची त्याला हौस होती. तेव्हा ती कडी आपल्याही तोंडावर बसू शकते, हे त्याच्या मनात कधी आलं नाही.

शिक्षण संपल्यावर तो नगरप्रमुखांचा खासगी शिपाई झाला. ताईनं कुणाकडे शब्द टाकला नाही, त्यानंही सांगितलं नाही. नोकरी आपल्या हिमतीवर मिळवली. नगरप्रमुख रुबाबदार माणूस. काम करायचा, करवून घ्यायचा, आणि कुणी मधे आलं की त्याला सहन व्हायचं नाही. बाजारामागच्या हमालांच्या झोपड्या त्यानं सूचना न देता पाडायला काढल्या, तेव्हा न्यायाधीशांनी ते काम थांबवलं. नगरप्रमुखाच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्या सभेत ठराव आला की न्यायाधीशाला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार ह्यापुढे नगरप्रमुखाकडे असावा. गावात कुजबुज सुरू झाली. सभेत निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि मधले चारदोन वाऱ्याची दिशा बघणारे.

मतदानाच्या दिवशी रीतीप्रमाणे नगरप्रमुख बाहेर आले. कडी पडली. ते जिन्यावर जरा घुटमळले आणि धाकट्याला म्हणाले, "आत दाराशी तुझीच बहीण आहे ना?"

धाकट्याची छाती फुगली. "हो साहेब."

"दार उघडायला सांग. मी आत जात नाही. नुसता उंबऱ्यावर उभा राहतो. त्या चारदोघांनी मला एकदा बघितलं की झालं."

"उघडेल साहेब. माझा शब्द नाही मोडायची."

साहेबांनी कोटाची बटणं लावली आणि जाता जाता बोलल्यासारखं म्हणाले, "नाही उघडलं तर उद्या कामावर यायचे कष्ट घेऊ नकोस."

धाकट्यानं आधी बोटानं वाजवलं. मग हाताच्या पंजानं. मग गाल दाराला लावून हाक मारली, ताई, मी आहे, जरा कडी काढ. घरी बायकोला दिवस गेलेले होते. राहतं घर कचेरीचं होतं, नोकरी गेली की तेही जाणार. त्यानं पुन्हा हाक मारली, ह्या वेळी मोठ्यानं. आत कुणीतरी खोकलं. बाकं कुरकुरली. कडी हलली नाही. पाठीमागे साहेब उभे होते, त्यांच्याकडे वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

ठराव पडला. फार नाही, थोडक्या हातांनी पडला. दार उघडलं तेव्हा साहेब चौकाच्या मध्यावर पोचले होते आणि तिन्ही बाजूंच्या खिडक्यांत माणसं दाटली होती. धाकटा जिन्यावरच उभा होता. ताई दारात आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही आणि खाली उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, त्यामागोमाग घर. तो बायकोला घेऊन सासऱ्यांच्या दोन खोल्यांत जाऊन राहिला. ताई भेटायला आली तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. ती बाहेर उभी आहे हे कळत असून तो वर्तमानपत्र वाचत राहिला. शेवटी बायकोच उठली. जाता जाता म्हणाली, तुमची सभा चालू द्या, मी उघडते.

ताई बसली, चहा प्याली, भावजयीची चौकशी केली आणि उठताना भावाला म्हणाली की तुला काढलं ते कारण न देता काढलंय, न्यायालयात जा. तो तिरसटून म्हणाला, तुमची न्यायालयं तुम्हालाच लखलाभ. पण गेला. बायकोनं पाठवलं म्हणून गेला. त्याच न्यायाधीशांपुढे उभा राहिला, ज्यांची खुर्ची त्या दिवशी थोडक्यात वाचली होती. त्यांनी कचेरीच्या वकिलाला विचारलं, ह्याचा गुन्हा काय. वकील म्हणाले, कामात कसूर. न्यायाधीश म्हणाले, कुठल्या कामात. वकील बराच वेळ कागद चाळत राहिले, कारण जे काम होतं ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. धाकट्याला कामावर परत घ्यावं लागलं. साहेबांनी त्याला समोर ठेवला नाही, सामानाच्या कोठीत टाकला. पण टाकला. आणि साहेब निवडणुकीत घरी गेले तरी धाकटा त्या कोठीतच राहिला, मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, तो सन्मानानं निवृत्त झाला.

बायको अधूनमधून त्याला हे ऐकवायची. वन्संनी दार उघडलं असतं तर तो न्यायाधीश तिथे उरला असता का, आणि तुम्ही कुणाकडे गेला असता? धाकट्याला हे पटत होतं. कडी घातली ती बरोबरच घातली, हे तो स्वतः चार लोकांत सांगायचा. त्याची तक्रार त्याबद्दल नव्हतीच. त्याला फक्त हे हवं होतं की कडी घालणारीला पलीकडे कोण आहे ते माहीत नसावं.

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. ताईनं वळकटी काखेत मारली आणि खोलीबाहेर पडून जिना चढू लागली.

"आता वर कुठे?"

"कडी लावायची राहिली."

तो मागोमाग चढला. सभागृहातली बाकं गेली होती. जमिनीवर त्यांच्या पायांचे फिकट चौकोन उरले होते, भिंतीवर सभापतींच्या खुर्चीची पाठ घासून झालेला काळपट डाग. व्हार्निशचा आणि जुन्या गाद्यांचा वास मात्र अजून तसाच होता. त्या वासानं धाकट्याला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. मागच्या बाकाखाली लपून त्यानं इथे कितीतरी सभा ऐकल्या होत्या, ताईनं डोळे वटारले तरी. खिडक्यांना ताई एकेक करून कडी घालत गेली. तो दारापाशी उभा राहिला, जिथे ती बसायची तिथे.

"तू साहेबांना काय सांगून वर आला होतास?" खिडकीकडे तोंड करूनच तिनं विचारलं.

"काय सांगणार? बहीण आहे म्हटलं. उघडेल म्हटलं."

"मला न विचारता."

"तुला काय विचारायचं ताई? आईबाप गेल्यावर मी दुसऱ्या कुणाच्या नावावर उड्या मारायच्या होत्या?"

ताईनं शेवटची खिडकी लावली. खोलीत अर्धवट उजेड राहिला. ती म्हणाली की तू सभेचा सदस्य असतास, साहेब असतास, खुद्द सभापती असतास, तरी कडी निघाली नसती, हे तुला माहीत होतं. तो म्हणाला, माहीत होतं. मग ती म्हणाली, मग विचारतोस काय.

आणि मग जे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला तुझे पाय दिसले होते."

ती थांबली.

"दाराखाली फट आहे ना. मी हाक मारली, गाल दाराला लावला, आणि खाली नजर गेली. तुझ्या पावलांची सावली होती. दाराला अगदी लागून. स्टुलावरून उठून आली होतीस तू. मी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा सावली हलली, वाटलं आता काढतेस. मग पुन्हा स्थिर झाली." त्यानं बोटानं ती फट दाखवली. "तेव्हा मला माहीत आहे, ताई. सगळं माहीत आहे. तरी मी म्हणतो, तू 'नाही' म्हण. खोटं म्हण. मी खरं मानीन. घरी तुझी खोली तयार आहे, पडदासुद्धा लावलाय. एवढा एक शब्द दे मला."

खाली हॉर्न वाजला, लांबलचक. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर तिनं त्याला फीच्या वेळी, तापाच्या वेळी, नोकरी गेल्याच्या वेळी जसं पाहिलं होतं तसंच, अगदी नीट, जणू मापाचे कपडे शिवायचे आहेत. तिचे ओठ किंचित हलले. तोंडात दोरी नव्हती, सुई नव्हती, काहीच नव्हतं. तो वाट बघत राहिला.

मग तिनं वळकटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, त्याच्या अंगावरून पुढे झाली, आणि काहीही न बोलता दाराबाहेर निघून गेली.